रत्नागिरीहून लंडनला निघताना

लेकीकडे किंवा मुलाकडे पहिल्यांदाच लंडनला निघालेल्या आईवडिलांनी आधी एक कागद घ्यावा आणि घराला कुलूप लावल्यापासून तिकडचं दार उघडेपर्यंतचे सगळे तास भारतीय वेळेत मांडावेत. मुंबई-लंडन हवाई अंतर साधारण 7,200 किलोमीटर, थेट विमानाला 9 ते 10 तास. तुमच्या प्रवासाचा हा जेमतेम तिसरा हिस्सा आहे. समजा, हिवाळ्यात विमान दुपारी 2 ला सुटतंय. तिकिटावर पोहोचायची वेळ त्याच दिवशी संध्याकाळी 6:30 दिसते आणि साडेचार तासांचंच काम वाटतं. पण लंडनचं घड्याळ तेव्हा आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं (मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर साडेचार), म्हणजे इकडे मध्यरात्र झालेली असते. आदल्या रात्री 9 ला घर सोडलं असेल तर विमान उतरेपर्यंत 27 तास, आणि पासपोर्टची रांग, सामान, घरापर्यंतची गाडी धरून 29. औषधं, जेवण, झोप सगळं या 29 तासांना धरून ठरवा.

रक्तदाबाची किंवा मधुमेहाची कोणती गोळी विमानात पडते आणि तिकडे वेळा कशा बदलायच्या, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. गोळ्या आणि चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवा. इन्सुलिन मोठ्या बॅगेत अजिबात नको, ते गोठून निकामी होऊ शकतं. गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा. त्यात संकोच कसला?

दुपारच्या विमानाला रात्रीची कोकणकन्या एक्सप्रेस सोयीची, पहाटे ठाण्याला उतरवते. तिथून सहारला टॅक्सी. विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचं, तरी मध्ये पुरेसा वेळ उरतो आणि तो उरायलाच हवा. जून ते ऑक्टोबर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्या सावकाश धावतात. तेव्हा आदल्या दिवशीच मुंबईत मुक्काम करा. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. गणपतीच्या दिवसांत जाणं-येणं असेल तर ती तारीख आजच कॅलेंडरवर लिहा.

दुबईमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तर एकूण तास बघा. मुंबई-दुबई तीन तास, पुढे सात-साडेसात, मधला थांबा वेगळा. दोन तुकडे एकाच तिकिटावर हवेत, नाहीतर सामान मध्येच उतरवून पुन्हा द्यावं लागतं.

खाऊच्या बाबतीत मन घट्ट करा. आंबापोळी, फणसपोळी, आमसुलं, कुळथाचं पीठ नीट बांधून न्या. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घरीच ठेवा: त्यातल्या तेलामुळे पेट घेण्याचा धोका मानतात आणि चेक-इन सामानातून काढायला लावतात. हापूसची पेटीही नको, रोपस्वच्छता प्रमाणपत्राशिवाय (फळात कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला) ब्रिटनमध्ये ताजा आंबा नेता येत नाही. दुधाची मिठाई तिथे चालत नाही. लोणचं मोठ्या बॅगेत, पॉवर बँक मात्र हातातच.

परतताना पश्चिमेचा वारा पाठीशी असतो, त्यामुळे उड्डाण साधारण तासभर लवकर आटोपतं. पण घड्याळ पुढे उडी मारतं, रात्री निघालेलं विमान दुसऱ्या दिवशी दुपारकडे मुंबईत उतरतं आणि झोप अर्धवट राहते. म्हणून रत्नागिरीची गाडी विमान उतरल्यावर निदान सहा तासांनी सुटणारी घ्या, आणि खालचा बर्थ मागा.