संगीत नाटकातल्या गायक-नटाचं कौतुक लिहायचं तर

मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यामुळे संगीत नाटकाबद्दल बेळगावकडच्या वाचकाला ‘श्रोते मंत्रमुग्ध झाले’ एवढं पुरत नाही. नेमकं काय चांगलं झालं, ते सांगावं लागतं.

जागा तिसऱ्या-चौथ्या रांगेत, मधोमध घ्या. कडेला बसलात तर स्पीकरचाच आवाज ऐकू येतो आणि दोष गळ्याचा की माइकचा, ते कळत नाही.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते संवाद संपून पद, म्हणजे नाटकातलं गाणं, सुरू होतं त्या क्षणाकडे. ऑर्गनने सूर दिल्यावर नट भूमिका सोडून गवई होतो का? चांगला नट बोलण्याच्या शेवटच्या शब्दातूनच सुरात शिरतो. मग पाहा: पहिल्या ओळीचे शब्द पूर्ण कळले का, तान अर्थाच्या शब्दावर आली की जोडाक्षर मोडून, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना सहकलाकाराकडे नजर होती की तबल्याकडे? घड्याळही लावा. तीन-चार मिनिटांचं पद दहा मिनिटं चाललं तर समोरचा नट ताटकळतो, प्रसंग थंडावतो. ‘वन्स मोअर’ मिळाला म्हणून ते माफ होत नाही.

रागाचं नाव खात्री असेल तरच लिहा. भीमपलास आणि बागेश्री, दोन्हींत गंधार-निषाद (ग आणि नी) हे सूर कोमल, म्हणून गल्लत होते. भीमपलासात पंचम (प) ठळक असतो, बागेश्रीत तो अगदी कमी.

प्रत्येक स्तुतीला एक पद, एक ओळ, गाण्यातली एक नेमकी जागा जोडा. जोडता येत नसेल तर ते विशेषण खोडा.