ट्रॅफिकमध्ये गाडी हिसकवायला कोणी आलं तर काय करायचं (परवान्याचं पिस्तूल बाळगणाऱ्यांनी तर वाचाच)

ग्वाल्हेर-चंबळकडे घरात परवान्याची बंदूक असणं काही नवं नाही. आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली मराठी मंडळीही रात्री शहराच्या मुरार भागातून परतताना पिस्तूल गाडीत ठेवतात, कोणी गाडी अडवलीच तर दाखवू म्हणून. पण उभ्या गाडीत पिस्तूल सगळ्यात शेवटी कामाला येतं हो, आधी कामाला येते ती पुढे सोडलेली जागा.

गोले का मंदिर चौकात लाल दिव्याला थांबलात की समोरच्या गाडीचे मागचे टायर जिथे रस्त्याला टेकतात तिथपर्यंत तुम्हाला दिसलं पाहिजे, तेवढं दिसतंय म्हणजे रिव्हर्स न घेता स्टिअरिंग कापून बाहेर पडता येतं. मागचे हॉर्न वाजवतील, ई-रिक्षावाला नाक घुसवेल, तरी रात्री ही जागा सोडायची नाही. इंजिन चालू, गाडी पहिल्या गिअरमध्ये, काचा वर, आणि दारं बसल्या बसल्या स्वतः लॉक करा, कारण पुष्कळ गाड्यांत ऑटो लॉक गाडीने वेग घेतल्यावरच लागतो. फोन स्टँडवर नको, खिशात हवा. काचेवर टकटक करून कोणी "भैया, ऑइल टपक रहा है" म्हणालं किंवा मागून हलकीशी धडक बसली तरी उतरायचं नाही, हात दाखवून सरळ उजेडाच्या पेट्रोल पंपावर नाहीतर ठाण्यावर जा.

आता समजा गावठी कट्टा (पिस्तूल) काचेला लागलाच. तुमचं पिस्तूल कमरेला असेल तर त्यावर सीटबेल्ट आणि शर्ट, डॅशबोर्डच्या खणात असेल तर हात पोचेपर्यंत समोरच्याने चाप ओढलेला असतो, आणि सीटवर मोकळं ठेवलं तर पहिल्याच ब्रेकला खाली घरंगळतं. बारा बोरची लांब बंदूक तर गाडीत वळवतासुद्धा येत नाही. म्हणून गाडी देऊन टाका! दोन्ही हात दिसू द्या, "बेल्ट खोल रहा हूँ" असं मोठ्याने सांगून डाव्या हाताने बकल काढा, उतरा आणि गाडीपासून लांब व्हा. मागे मूल असेल तर पहिलं वाक्य तेच, "बच्चा पीछे है, उसे उतारने दो".

गोळी फक्त तेव्हाच, जेव्हा गाडी देऊनही तो तुम्हाला किंवा मुलाला घेऊन जायला बघतोय, मारायलाच उठलाय आणि निघायला वाट नाही. तेव्हासुद्धा त्याच्या पाठीमागे कोण आहे ते बघा, दाराच्या पत्र्यातून गोळी आरपार जाते आणि शेजारी स्कूटरवर कोणाची तरी लेक बसलेली असते.

कायदा म्हणाल तर भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 मध्ये स्वतःच्या बचावाचा हक्क दिलाय, जिवाचं 38 मध्ये आणि लुटीसारख्या प्रसंगात मालमत्तेचं 41 मध्ये, पण 37 सांगतं की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. गाडी घेऊन तो निघून चाललाय आणि तुम्ही मागून गोळ्या झाडताय, हा बचाव म्हणून कोर्टात टिकवणं फार अवघड, उलट तुम्हीच आरोपी व्हाल. आणि परवाना कुठल्या हद्दीपर्यंत चालतो ते नीट वाचा, निवडणुकीत हत्यार जमा करायचा आदेश निघाला तर जमा करा, पार्किंगमध्ये गाडीत पिस्तूल ठेवून तर अजिबात जाऊ नका, गाडीबरोबर तेही चोराच्या हाती जातं.

सुटलात की लगेच 112 ला फोन. नंबर, रंग, कुठल्या दिशेला गेली, एवढंच सांगा. एफआयआर कुठल्याही ठाण्यात लिहून घेतात, हद्दीचं कारण सांगितलं तर झीरो एफआयआर मागा. फास्टॅग ब्लॉक करा. घराच्या चाव्या आणि पत्त्याचे कागद गाडीत गेले असतील तर त्याच रात्री कुलपं बदला. विमावाले क्लेमच्या वेळी गाडीच्या दोन्ही चाव्या मागतात, एक गाडीबरोबर गेली हे एफआयआरमध्ये लिहून घ्यायला विसरू नका.