अडलेल्या मुलांसाठी पाच दिवसांचा कोडिंग बूटकॅम्प

मी पहिल्या वर्षाला सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते. जर्नल पूर्ण, प्रोग्राम पाठ, पण व्हायवाला "ही ओळ काढली तर काय होईल?" असं विचारलं की मूल गप्प, हे दरवर्षी पाहते. अशांसाठी पहिल्या सत्राची परीक्षा संपली की मी बूटकॅम्प घेते. तुम्हाला घ्यायचा असेल तर माझी पद्धत सांगते.

मुलं 24 पेक्षा जास्त नकोत. नोटीस लावून थांबू नका. ज्यांना आधीच जमतं तीच नावं आधी येतात. मागच्या बाकावरच्यांना स्वतः जाऊन बोलवा. वेळ 10 ते 4 ठेवा. गावची एसटी चुकेल या धास्तीत कोणाचं लूपकडे लक्ष लागेल?

आदल्या दिवशी प्रत्येक मशीनवर थॉनी, म्हणजे पायथन या सोप्या भाषेत प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर, टाकून चालवून बघा. हे साधन एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात नवशिक्यांसाठीच तयार झालं. त्यात पायथनची एकेक ओळ चालवता येते आणि व्हेरिएबलमध्ये (किंमत साठवणाऱ्या नावात) काय बदललं ते शेजारी दिसतं. अभ्यासक्रमात सी असताना पायथन का? या पाच दिवसांत मुलांची सीमध्ये विधानाच्या शेवटी लागणाऱ्या सेमिकोलनशी झटापट नको, विचार टप्प्याटप्प्याने मांडता यायला हवा.

पहिला प्रोग्राम: दोन संख्या विचारा, बेरीज छापा. 5 आणि 7 दिले की 57 येतं. कारण लगेच सांगू नका, मुलांना भांडू द्या. इनपुट मजकूर म्हणून येतो आणि अधिकचं चिन्ह दोन मजकूर नुसते जोडतं, हे एकदा स्वतःला सापडलं की डेटा टाइप (संख्या, मजकूर असे माहितीचे प्रकार) पाठ करावे लागत नाहीत.

स्लाइड नकोत. प्रोजेक्टरवर स्वतः टाइप करा, चुकलात तर खोडू नका. एरर मोठ्याने वाचा, तीही शेवटच्या ओळीपासून, कारण एररचं नाव तिथे असतं. मराठी माध्यमातून आलेली मुलं लॉजिकपेक्षा इथेच जास्त अडतात. लाल अक्षरं दिसली की वाचायचंच सोडून देतात. म्हणून प्रत्येकाला एक वही द्या: डावीकडे एरर जशीच्या तशी, उजवीकडे तिचा अर्थ स्वतःच्या मराठीत. पाच दिवसांतलं सगळ्यात मोलाचं काम मला हेच वाटतं.

संशोधकांना कोडिंग शिकवणाऱ्या, 1998 पासून चालत आलेल्या सॉफ्टवेअर कार्पेंट्रीच्या कार्यशाळांमधून मी रंगीत चिठ्ठ्या उचलल्या. मॉनिटरवर हिरवी म्हणजे झालं, लाल म्हणजे अडलंय. हात वर करायला लाजणारी मुलगी चिठ्ठी मात्र लावते. मदतीला दुसऱ्या वर्षाची चार मुलं घ्या आणि त्यांना एकच नियम घाला: दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही.

दुपारी जेवणानंतर डोळे जड होतात, तेव्हा कागद काढा. प्रोग्रामच्या ओळी कापून, मिसळून जोड्यांना द्या, क्रम लावू दे. न्यूझीलंडच्या डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी 2006 मध्ये मांडलेला हा प्रकार वीज गेली तरी चालतो.

शेवटचे दोन दिवस घरचा हिशेब प्रोग्राममध्ये आणायचा. एकीने डेअरीचा घेतला होता: लिटर, फॅट, दर, दहा दिवसांचं बिल. वडिलांच्या पावतीशी आकडा जुळेपर्यंत ती उठली नाही.

कॅम्प संपला तरी आठवड्यातून एक तास लॅब उघडी ठेवा. तोच हिशेब तिथे सीमध्ये लिहून घ्या. सीमध्ये इनपुट घेणाऱ्या स्कॅनएफमधलं अँपरसँड (& हे चिन्ह) विसरलं की प्रोग्राम बहुतेक वेळा कोसळेल. तेव्हा वही उघडायला सांगा.