शिशाच्या भट्टीशेजारी बिऱ्हाड मांडताना

पुढच्या महिन्यात दादाची बदली राजस्थानात, जस्त-शिशाच्या भट्टीच्या गावी. वहिनी आणि दीड वर्षाची चिऊ सोबत जाणार. कोपरखैरण्याच्या घरात पाय ठेवायला जागा नाही इतकी खोकी, आणि वहिनीने आतापर्यंत घेतलंय काय, तर मास्कचा गठ्ठा! असू दे. पण चिमुरड्यांच्या अंगात शिसं जातं ते जास्त करून लादीवरून. धुरातले, खनिजाच्या ढिगावरून उडालेले कण खाली बसतात, मूल त्यात खेळतं आणि तीच बोटं तोंडात घालतं.

म्हणून कुंचा न्यायचा नाही. कोरडा केर काढला की बसलेली धूळ पुन्हा हवेत. दोन बादल्या घ्यायच्या, एकीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं. फडकी आईच्या जुन्या नऊवारीची. आधी खिडकीची चौकट, मग लादी. इथे रबाळ्याच्या कारखान्यांकडची खिडकी दोन दिवस पुसली नाही तर बोट काळं होतं, निदान कळतं तरी. शिसं असं ओळखू येईलच असं नाही.

चपला दाराबाहेर. दादाने अंघोळ करून, कपडे बदलूनच प्लांटमधून निघायचं, आणि ते कपडे चिऊच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. यात सवलत नाही. जस्ताच्या खनिजासोबत कॅडमियम हे विषही येतं, ते मूत्रपिंडात वर्षानुवर्षं साठतं. तंबाखूतही तेच असतं, तेव्हा दादाची सिगारेट इथेच सुटलेली बरी. (हे मी दहाव्यांदा सांगतेय.)

निघण्याआधी चिऊच्या रक्तातलं शिसं आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यायचं, शिरेतून रक्त काढून. बोट टोचलं तर कातडीवरची धूळ आकडा चढवू शकते. इथला आकडा हाती असला तरच तिथला वाचता येईल. शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नाही. डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम झालं की ते कुठून येतंय ते शोधा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वहिनीचीही तपासणी हवी, कारण दुसऱ्या बाळाचा विचार चाललाय आणि हाडांत साठलेलं शिसं गरोदरपणात रक्तात उतरतं.

अंगात लोह-कॅल्शियम कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं. नाचणीचं पीठ इथूनच भरायचं, तिकडे मका-बाजरीचं राज्य. शेजारच्या काकूंनी प्रेमाने दिलेली सुरम्याची डबी मात्र खोक्यातून काढली. पारंपरिक सुरमा म्हणजे बहुतेकदा गॅलिनाची पूड, ज्या खनिजातून भट्टीत शिसं काढतात तेच!

क्वार्टर मिळेल ते घ्यावं लागेल, पण अंगणात भाजी लावायची नाही. झांबियातल्या काब्वेची शिसं-जस्ताची खाण १९९४ मध्ये बंद झाली, तिथल्या मातीत शिसं अजून आहे. तुळस इथूनच न्यायची, कुंडीतल्या मातीसकट. टेम्पोत ती सगळ्यात शेवटी चढवायची, नाहीतर कपाटाखाली जाईल.