अंगावर पिणाऱ्या बाळाला बाटली आणि पावडरचं दूध कसं लावावं

कायद्यानं बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची आहे, पण त्यातले काही आठवडे बाळ जन्मायच्या आधीच संपलेले असतात. त्यामुळे गोव्यात वेर्णा-कुंडईच्या कारखान्यात किंवा पणजीतल्या ऑफिसात परत रुजू होताना बाळ बहुधा पाच महिन्यांच्या आसपासचं असतं. हॉटेलात, छोट्या दुकानात काम करणाऱ्या कित्येकींच्या वाट्याला तेवढीही रजा येत नाही. त्यात डिचोलीहून किंवा पेडण्याहून बसनं ये-जा असेल तर आई दहा-दहा तास घराबाहेर. त्या वेळात बाळाला काय पाजायचं आणि कशातून, याची तयारी रुजू व्हायच्या निदान तीन-चार आठवडे आधी सुरू करावी.

आधी एक गोष्ट नक्की करा: पावडरचं दूध खरंच लागणार आहे का? पहिले सहा महिने फक्त आईचं दूध हेच उत्तम, आणि ते काढून ठेवता येतं. फ्रीजमध्ये ते चार दिवस टिकतं. बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यातून कामावरून घरी आणताही येतं. बाहेर ठेवलेलं दूध चार तास चालतं असं सांगतात, पण तो हिशेब २५ अंशांपर्यंतच्या खोलीचा आहे. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात तो धरू नका, काढलेलं दूध सरळ फ्रीजमध्ये ठेवा. दूध पुरत नसेल, काढायला जागा किंवा वेळ मिळत नसेल, अंगावर पाजताना चालत नाहीत अशी औषधं आईला चालू असतील, तर पावडरचं दूध द्यावं आणि ते देताना मनात अपराधी वाटून घेऊ नये. अंगावर पाजणं आणि पावडरचं दूध दोन्ही बरोबरीनं चालू शकतात.

एका वेळी एकच बदल

बाळ बाटली नाकारतं तेव्हा घरातले म्हणतात, ‘याला हे दूध आवडत नाही.’ बरेचदा दोष दुधाचा नसतो. बाळाला एकाच दिवशी नवी बाटली, नवी चव, नवी मांडी आणि आई नसलेलं घर असं सगळं एकदम मिळालेलं असतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी नव्या भांड्यातून ओळखीचं दूध, मग ओळखीच्या भांड्यातून नवं दूध.

सुरुवात बाळ तीन-चार आठवड्यांचं झाल्यावर, अंगावर पिणं नीट बसल्यावर करावी. त्याआधी बाटली दिली तर आईचं दूध वाढायच्या दिवसांतच मागणी कमी होते. चार ते आठ आठवड्यांचं बाळ सहसा पटकन शिकतं. तीन-चार महिन्यांनंतर ओठाला लागेल ते चोखायची उपजत सवय ओसरते, बाळ स्वतः ठरवून चोखू लागतं, आणि तिथून खरी कसोटी लागते. तरी मोठी बाळंही शिकतात, फक्त दिवस जास्त लागतात. लसीच्या दिवशी, सर्दी-तापात, किंवा गणेशचवथीला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना श्रीगणेशा करू नका.

सामान

आयएसआय चिन्ह असलेल्या दोन बाटल्या आणि सर्वांत हळू धारेचं निपल, एवढ्यावर भागतं. दूध भरून बाटली उलटी धरा. थेंब-थेंब पडलं तर निपल योग्य, धार लागली तर वेग जास्त. छातीतून दूध बाळाला मेहनतीनं ओढावं लागतं आणि पान्हा फुटायला मिनिटभर लागतं. बाटलीतून पहिल्याच चोखण्याला तोंड भरलं तर बाळाला ठसका लागतो, आणि ठसका लागलेलं बाळ दुसऱ्या दिवशी बाटली पाहूनच मान फिरवतं. निपलचं भोक सुईनं मोठं करायची पद्धत म्हणूनच सोडून द्या. बुडाशी रुंद आणि टोकाकडे हळूहळू निमुळतं होणारं निपल बरं, कारण बाळाला तोंड मोठं उघडावं लागतं.

बाटलीचे सगळे भाग सुटे करून साबणाच्या पाण्यानं आणि ब्रशनं घासा. निपल उलटून आतूनही घासा, साय तिथेच चिकटते. मग मोठ्या पातेल्यात पूर्ण बुडतील एवढ्या पाण्यात, आत हवा न अडकू देता, १० मिनिटं उकळा. फडक्यानं पुसू नका, स्वच्छ जाळीवर निथळू द्या. पावसाळ्यात काही सुकत नाही हे खरं, पण ओलसर बाटली झाकण लावून कपाटात ठेवण्यापेक्षा वापरायच्या आधी पुन्हा उकळून घेणं बरं.

पहिला आठवडा: बाटली नवी, दूध आईचं

दिवसातून एकदाच प्रयत्न करा. बाळ कडकडून भुकेलेलं नको आणि पोट भरलेलंही नको. अंगावर पिऊन तास-दीड तास झालेलं, नुकतं झोपेतून उठलेलं, अजून आळोखेपिळोखे देणारं बाळ ही उत्तम वेळ. भुकेनं रडणाऱ्या बाळाला शिकायला धीर नसतो. ‘उपाशी ठेवा, आपोआप घेईल’ हा सल्ला कुणीही दिला तरी मानू नका. त्यानं लहान बाळाच्या अंगातलं पाणी कमी होतं आणि बाटलीची भीती मात्र पक्की बसते.

पाजणारी व्यक्ती आई नको. बाबा, आजी, आत्या, पुढे जो रोज सांभाळणार तोच. आईनं त्या वेळी दुसऱ्या खोलीत नव्हे, शक्यतो घराबाहेरच जावं, कारण तिचा वास आणि आवाज आला की बाळ तिलाच शोधतं. काही बाळांना उलट आईच्या अंगावरची ओढणी जवळ लागते. दोन्ही करून पाहा.

बाटलीत १५ ते ३० मिली दूधच घ्या. दूध कोमट करायला बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा, मायक्रोवेव्हमध्ये नको. तिथे दूध कुठे थंड, कुठे तोंड भाजेल इतकं गरम होतं. निपलही कोमट पाण्याखाली धरून घ्या.

बाळाला आडवं न ठेवता जवळजवळ बसतं धरा, डोकं आणि मान हातावर तोललेली. निपलनं वरच्या ओठाला हलकेच स्पर्श करा आणि थांबा. तोंड मोठं उघडलं, जीभ खाली गेली की निपल ठेवा, बाकीचं आत त्यालाच ओढू दे. बाटली आडवी धरा, म्हणजे निपल अर्धंच भरेल आणि दूध वजनानं ओतलं जाणार नाही. २०-३० घोटांनंतर बाटलीचं बूड खाली करून थोडं थांबा. ओठाच्या कोपऱ्यातून दूध ओघळणं, कपाळावर आठ्या, बोटं ताणून पसरणं ही वेग जास्त झाल्याची खूण. तेव्हा बाटली काढा, ढेकर काढा, मग पुन्हा. अर्ध्यावर बाजू बदला. सगळं पिणं १५-२० मिनिटांत व्हावं. बाळानं निपल चावलं, जिभेनं ढकललं, नुसतं चाटलं तरी त्या दिवसापुरतं पुरे. रडू लागलं की लगेच थांबवा, शांत करा आणि उद्या त्याच वेळी पुन्हा. रडणाऱ्या तोंडात निपल कोंबलं तर पुढचा आठवडा वाया जातो.

निपलला मध किंवा साखर लावू नका. वर्षाच्या आत मध बाळाला धोक्याचा असतो.

दूध बदलणं

बाटली चार-पाच दिवस सुरळीत चालली की दुधाकडे वळा. पावडर आईच्या दुधात थेट घालायची नाही. आधी पावडरचं दूध पाण्यात नियमाप्रमाणे बनवायचं आणि ते तयार दूध आईच्या दुधात मिसळायचं. बाळ ९० मिली घेत असेल तर पहिले दोन-तीन दिवस ६० आईचं आणि ३० पावडरचं, मग निम्मं-निम्मं, मग ३० आणि ६०, मग पूर्ण पावडरचं. एखाद्या टप्प्यावर अडलं तर एक पाऊल मागे या आणि दोन दिवस तिथेच थांबा. काही बाळं पहिल्याच दिवशी पूर्ण बाटली संपवतात, मग टप्पे मोजत बसायची गरज नाही.

सहा महिन्यांखालच्या बाळाला ‘१’ क्रमांकाचा डबा. कोणता, ते बालरोगतज्ज्ञांना विचारून ठरवा. अशा दुधाची जाहिरात करायला आणि फुकट नमुने वाटायला १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, तेव्हा कुणी डबा ‘भेट’ देऊ लागलं तर तो नाकारा. वर्षाच्या आत गायीचं पाकिटातलं दूध पाणी घालूनही बाळाचं मुख्य दूध म्हणून देऊ नये. त्यात लोह कमी असतं आणि प्रथिनं व क्षार बाळाच्या मूत्रपिंडांना जड जातात. बाटलीत पेज किंवा तिझाण (नाचणीची पातळ खीर) घालणंही नको. तिझाण सहा महिन्यांनंतर वाटी-चमच्यानं छान, बाटलीतून नाही.

पावडर कालवताना

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून ती गरम पाण्यातच कालवायची. नळाचं किंवा विहिरीचं पाणी खळखळून उकळा. पावसात विहीर गढूळ झाली असेल तर ते पाणी बाळासाठी घेऊच नका. उकळल्यावर झाकून अर्ध्या तासाच्या आत वापरा, म्हणजे ते निदान ७० अंश गरम असेल. त्या उष्णतेनं पावडरीतले जंतू मरतात. उकळतं पाणी चांगल्या थर्मासमध्ये भरून ठेवलं तर आजीला दर वेळी गॅस पेटवायला नको, आणि वीज गेली तरी अडत नाही.

हात धुवा. बाटलीत आधी पाणी मोजून घ्या, मग पावडर घाला. आधी पावडर टाकली तर पाणी कमी बसतं आणि दूध घट्ट होतं. आपल्याकडच्या बऱ्याच डब्यांत ३० मिली पाण्याला एक चमचा असं माप असतं, पण डब्यावर लिहिलेलंच खरं. एका डब्याचा चमचा दुसऱ्याला वापरू नका. चमचा दाबून भरायचा नाही, शीगही ठेवायची नाही, सुरीच्या पाठीनं सपाट करायचा. झाकण लावून हलवा, बाटली थंड पाण्याच्या भांड्यात धरून कोमट करा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहा.

महागाचा डबा पुरवायला पाणी जास्त घालणं आणि ‘अंगाला लागावं’ म्हणून पावडर जास्त घालणं, दोन्ही बाळाला बाधतं. पातळ दुधानं वजन वाढत नाही आणि रक्तातलं मीठ घटून झटकेसुद्धा येऊ शकतात. घट्ट दुधानं बद्धकोष्ठ होतं, अंगातलं पाणी कमी होतं.

बनवलेलं दूध दोन तासांत वापरा. बाळाचं तोंड लागलं की तासाभरात उरलेलं ओतून टाका, मिश्र दुधालाही हाच नियम. उघडलेला डबा महिन्याच्या आत संपवा, चमचा कोरडा ठेवा, डबा फ्रीजमध्ये ठेवू नका. जून-जुलैच्या दमट हवेत पावडरीच्या न फुटणाऱ्या गाठी झाल्या तर ती टाकून द्या.

किती द्यायचं? पूर्ण पावडरच्या दुधावरच्या बाळाला दिवसाला किलोमागे साधारण १५० मिली लागतं. पाच किलोच्या बाळाला ७५० मिली, सात वेळा वाटलं तर एका वेळी शंभरच्या आसपास. अंगावरही पिणाऱ्या बाळाला आई नसताना ९० ते १२० मिलीच्या तीन बाटल्या बहुधा पुरतात. बाटली संपवायचा आग्रह नको. दिवसाला सहा-सात वेळा लंगोट ओले होतायत आणि वजन वाढतंय, तर पोट भरतंय.

अडलं तर

काढून ठेवलेलं दूध बाळ नाकारतं पण ताजं घेतं, असं झालं तर दुधाचा वास घ्या. साबणासारखा येत असेल तर दूध नासलेलं नाही. त्यातल्या लायपेज नावाच्या घटकानं चरबी फुटल्यामुळे तो वास येतो. पुढच्या वेळी ताजं काढलेलं दूध कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंतच तापवा आणि लगेच थंड करून ठेवा.

दोन आठवडे होऊनही बाटली जमत नसेल तर हट्ट सोडा. वाटी-चमचा किंवा जुन्या घरांत असतं ते बोंडलं (चोच असलेलं लहान भांडं) काढा. बाटलीपेक्षा ते धुवायला सोपं आणि स्वच्छ राहतं, म्हणून बालरोगतज्ज्ञही पसंत करतात. बाळाला बसतं धरून कड खालच्या ओठाला टेकवा, दूध ओठापर्यंत आणा आणि बाळाला चाटून घेऊ द्या, घशात ओतू नका. आई रुजू होताना बाळ सहा महिन्यांचं होणार असेल तर बाटली शिकवायचीही गरज नाही, सरळ लहान पेल्यावर जा.

दुसरीकडे आईची छाती. अंगावर पाजायची एक वेळ बंद केली की तीन-चार दिवस थांबा, मगच दुसरी. एकदम सगळं तोडलं तर छाती दाटते, गाठी होतात. ताठरली तर आराम पडेल एवढंच दूध हातानं काढा आणि थंड पाण्याची घडी ठेवा. छातीवर लाल चट्टा आणि ताप आला तर डॉक्टरांकडे जा. बाळाला त्या छातीचं दूध मात्र चालू ठेवा. आई कामावर जाऊ लागली की कित्येक बाळं दिवसा जेमतेम पितात आणि रात्री भरपाई करतात. हे आजारपण नव्हे, पण आईची झोप मोडते, तेव्हा घरातली बाकीची कामं इतरांनी उचलावीत.

पावडरच्या दुधावर शी थोडी घट्ट, गडद आणि वासाची होते. तेवढ्यावरून घाबरू नका. पण अंगावर गांधी उठणं, ओठ-डोळे सुजणं, सारखी उलटी, शीमध्ये रक्त, आठ तासांत लंगोट ओलं न होणं, किंवा तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअसवर ताप, यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय न करता इस्पितळात न्या. श्वास अडखळत असेल तर १०८ ला फोन करा. बाळंतपणानंतरच्या तपासणीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) किंवा म्हापसा-मडगावच्या जिल्हा इस्पितळात जाल तेव्हा पाजण्याच्या अडचणी तिथेच विचारून घ्या.

झोपताना बाटली तोंडात ठेवून बाळाला एकटं सोडू नका, उशीला टेकवून तर कधीच नाही. दूध घशात अडकू शकतं, आणि दात आल्यावर तेच दूध दात किडवतं. सहा महिन्यांपासून पेला हातात द्यायला लागा, म्हणजे वर्षाच्या सुमारास बाटली सहज सुटते.