आधी गन, मग कॉम्प्रेसर: स्प्रेसाठी हवा आणि वीज कशी ठरवावी

कॉम्प्रेसर घ्यायला गेलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती एचपीचा देऊ?" मीही पहिल्या वेळी पटकन "एक" म्हणून बसलो. 1 एचपी, 24 लिटरची टाकी, रिक्षात मावणारा. कपाटाचं एक दार रंगवून अर्धं होईतो स्प्रे गनचा फवारा आखडायचा, थेंब पडायला लागायचे आणि मी टाकी भरायची वाट बघत उभा. मेमधल्या सोलापुरी उन्हात, पत्र्याच्या शेडमध्ये, तोवर वरचा रंगाचा अर्धा हात वाळून जायचा. त्या दारावरचा जोड आजही तिरक्या उजेडात दिसतो.

चूक क्रमाची होती. आधी गन ठरवायची, मग तिला लागणारी हवा, मग कॉम्प्रेसर आणि शेवटी वीज.

गन किती हवा पिते ते बघा

हवेचं माप सीएफएममध्ये असतं, म्हणजे मिनिटाला किती घनफूट. 1 सीएफएम म्हणजे साधारण 28 लिटर. मूर्तीचे डोळे, दागिने रंगवायच्या एअरब्रशला 1 सीएफएमही पुरतो; त्याला छोटा कॉम्प्रेसर बिनधास्त घ्या. टचअपच्या छोट्या गनला 3-4 लागतात. खाली डबा असलेली नेहमीची सक्शन गन 45-50 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) दाबाला 6 ते 8 सीएफएम घेते. एचव्हीएलपी (कमी दाबावर जास्त हवा सोडणाऱ्या) गनवर "फक्त 10 पीएसआय" वाचून लोक फसतात. तो दाब तिच्या तोंडाशी असतो. हवा मात्र ती 10-14 सीएफएमपर्यंत ओढते, म्हणजे दाब कमी पण भूक जास्त. नक्की आकडा गनच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात मिळतो.

फक्त भिंती मारायच्या असतील तर एअरलेस मशीन बघा, ते हवेऐवजी पंपाने रंगच दाबून फवारतं. त्याला कॉम्प्रेसर लागतच नाही.

आता कॉम्प्रेसर

गनच्या आकड्याला 1.4 ने गुणा, म्हणजे कॉम्प्रेसरला मध्ये मध्ये दम खायला वेळ मिळेल. 7 सीएफएमची गन दिवसभर चालवायची तर 10 सीएफएम हवेत. 1 एचपीमागे खरी हवा 3 ते 4 सीएफएम मिळते, म्हणजे 3 एचपी. थांबत थांबत काम करणाऱ्याला 2 एचपी आणि 100 लिटरच्या पुढची टाकी चालून जाते. टाकीने हवा वाढत नाही, उसंत वाढते एवढंच.

पाटीवर बहुतेक वेळा पिस्टन डिस्प्लेसमेंट, म्हणजे पिस्टनच्या मापावरून काढलेली हवा, लिहिलेलं असतं. तो कागदावरचा आकडा. टाकीत पोचणारी हवा त्याहून बरीच कमी असते. जुना माल घेताना तर पाटी बघूच नका, मोबाइलवर घड्याळ लावा. टाकीचा बाहेर जाणारा कॉक बंद करून मशीन चालू करा आणि काटा 4 किलोवरून 6 किलोवर (किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवरचा दाब) जायला किती सेकंद लागतात ते मोजा. 100 लिटरच्या टाकीत 2 किलो दाब वाढला म्हणजे साधारण 200 लिटर हवा भरली. ती 60 सेकंदांत भरली तर मिनिटाला 200 लिटर, म्हणजे 7 सीएफएम. 2 एचपीच्या मशीनला हे ठणठणीत. 100 सेकंद लागले तर 4 च्या आसपास; रिंगा किंवा व्हॉल्व्ह गेलेत, भाव पाडा नाहीतर निघा.

मशीन बंद होताना प्रेशर स्विचपाशी (टाकी भरली की मोटर बंद करणारा स्विच) "फुस्स" आवाज यायला हवा. नळीतली अडकलेली हवा सुटल्याचा तो आवाज. तो नसेल तर पुढच्या वेळी मोटर दाबाविरुद्ध सुरू होते, गुरगुरते आणि एमसीबी पाडते. टाकीच्या तळाला गंजाचे फोड असतील तर मात्र फुकटही घेऊ नका.

वीज: इथे घाई नको

आमची शेड यंत्रमागांच्या शेजारात. संध्याकाळी व्होल्टेज खाली आलं की माझी 2 एचपीची सिंगल फेज मोटर नुसती हुंकारायची. मोटर सुरू करून देणारे दोन कंडेन्सर बदलले. शेवटी वायरमन अण्णांनी वायर बोटांत धरली आणि म्हणाले, "मोटर बरी हाय ओ. वायरच पातळ हाय."

हिशेब सोपा आहे. ही मोटर चालताना 10 अँपिअरच्या आसपास घेते, सुरू होताना क्षणभर त्याच्या पाचपट. मी 30 मीटर लांब, 1 चौरस मिलिमीटरची एक्स्टेन्शन वापरत होतो. 50 अँपिअरला तीत 50 व्होल्टच्या वर जिरतात. 230 चे 180 सुद्धा उरत नाहीत. तेवढ्याच लांबीला 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली की 15 व्होल्टही जात नाहीत. लांब जायचं असेल तर वायर नको, हवेची नळी लांबवा. घरच्या इन्व्हर्टरवर ही मोटर लावू नका, आणि जनरेटर 5 केव्हीएच्या खाली नको.

3 एचपी किंवा त्यावर जायचं तर थ्री फेज घ्या. प्रत्येक फेजला 5 अँपिअरच्या आसपासच भार येतो. पण स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले (जास्त भार आला की मोटर बंद करणारा) आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर हवाच; पावसाळ्यात एक फेज गेला की मोटर जळायला फार वेळ लागत नाही. विजेच्या खांबावर काम झाल्यावर फेज अदलाबदल होऊन मोटर उलटी फिरते का तेही बघा. चाकाच्या पात्यांनी हवा सिलिंडरवर मारायला हवी. अर्थिंगवर पैसे वाचवू नका. आणि घरगुती मीटरवर धंदा चालवू नका: वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली तो अनधिकृत वापर ठरू शकतो, मग आकारणी दुप्पट दराने होते.

बसवताना

कॉम्प्रेसर रंगाच्या जागेपासून लांब, सावलीत ठेवा. प्रेशर स्विचची ठिणगी आणि थिनरची वाफ एकत्र नको. कापसाचं तूस उडणाऱ्या भागात हवेचा फिल्टर दर आठवड्याला झटका. पाणी वेगळं करणारा फिल्टर कॉम्प्रेसरला चिकटून लावला तर गरम हवेतलं पाणी वाफेच्या रूपानेच पुढे निघून जातं. 7-8 मीटर पाइपनंतर, हवा निवल्यावर लावा. पीयू (पॉलीयुरेथेन) मारताना रुमाल पुरत नाही, कार्ट्रिजचा मास्क घाला.

रोज काम संपल्यावर टाकीखालचा ड्रेन कॉक उघडा. उन्हाळ्यात चार थेंब येतात. श्रावणात एकदा मी खाली चहाचा पेला धरला, तो तांबूस पाण्याने काठोकाठ भरला.