एसक्यूएल येतं, तरी क्वेरी 99 टक्क्यांवर अडकते? या चुका टाळा

मायएसक्यूएल किंवा ओरॅकलवर चार-पाच वर्षं हात बसलेला माणूस हाइव्ह, ट्रिनो किंवा स्पार्क अशा अनेक मशिनांवर मिळून क्वेरी चालवणाऱ्या इंजिनासमोर बसला की पहिले दोन दिवस मजेत जातात. सिलेक्ट तेच, जॉइन तेच, ग्रुप बाय तेच. तिसऱ्या दिवशी एखादी क्वेरी पाऊण तास हलत नाही आणि मग विचारणा होते, "यावर इंडेक्स टाकू का?"

इथे तसा इंडेक्स नसतो. हाइव्हमध्ये एके काळी होता, तोही 3.0 मध्ये काढून टाकला. फेसबुकमध्ये हाइव्ह तयार झालं तेच मुळी एसक्यूएल जाणणाऱ्यांना जावात मॅपरिड्यूस (काम अनेक मशिनांत वाटून देणारे प्रोग्रॅम) लिहीत बसावं लागू नये म्हणून. भाषा ओळखीची ठेवली, खालचं यंत्र मात्र निराळं आहे. तुमचं टेबल म्हणजे अनेक मशिनांवर विखुरलेल्या फायलींचं फोल्डर, आणि 'या फोल्डरला टेबल समजा' अशी मेटास्टोरमधली, म्हणजे टेबलांच्या नोंदवहीतली, एक नोंद. त्यामुळे क्वेरी लिहिताना दोन गोष्टी डोक्यात हव्यात: किती बाइट वाचावे लागतील, आणि त्यातले किती एका मशिनवरून दुसऱ्यावर न्यावे लागतील.

'नुसतं बघतो' म्हणून लिमिट 10

सिलेक्ट स्टार, लिमिट 10. दहाच ओळी मागितल्या, म्हणजे काम थोडंच होणार, असं वाटतं. गूगलच्या बिगक्वेरीत क्लस्टर न केलेल्या (ओळी ठराविक कॉलमनुसार लावून न ठेवलेल्या) टेबलवर हा समज खिशाला भारी पडतो, कारण तिथे पैसे वाचलेल्या बाइटवर लागतात आणि लिमिटमुळे ते कमी होत नाहीत. टेबलचा चेहरामोहरा पाहायचा असेल तर प्रिव्ह्यू फुकट आहे. क्वेरी चालवण्याआधी ड्राय रन करा, किती वाचलं जाईल ते आकड्यात कळतं. शिकाऊ मंडळींच्या खात्यावर बाइटची कमाल मर्यादा घालून ठेवा.

स्टार टाळायला सांगतात त्याचं कारणही हेच. पार्के किंवा ओआरसी फायलींत डेटा कॉलमवार ठेवलेला असतो. 60 कॉलमपैकी तीन मागितले तर तीनच वाचले जातात. स्टार लिहिलात की ती सगळी सोय पाण्यात.

पार्टिशन आहे, पण क्वेरीला त्याचा पत्ता नाही

सर्वांत महागडी चूक ही. टेबल तारखेनुसार पार्टिशन केलेलं असतं, म्हणजे दर दिवसाचं वेगळं फोल्डर. त्या फोल्डरच्या तारखेचा कॉलम एक, आणि घटना कधी घडली त्या वेळेचा कॉलम दुसरा. नवखा माणूस व्हेअरमध्ये वेळेच्या कॉलमवर अट घालतो. उत्तर बरोबर येतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण इंजिनाच्या लेखी वेळेचा कॉलम आणि फोल्डरचं नाव यांचा काही संबंध नाही, त्यामुळे ते दोन दिवसांच्या हिशेबासाठी तीन वर्षांची फोल्डरं उघडून बसतं. एक्सप्लेन चालवा आणि किती पार्टिशन वाचली जाणार ते बघा. आइसबर्ग पद्धतीच्या टेबलांत पार्टिशन वेळेच्या कॉलमवरूनच बेतता येतं, तिथे ही कटकट उरत नाही. जुन्या हाइव्ह पद्धतीच्या टेबलांवर मात्र तारखेची अट तुम्हालाच लिहावी लागते.

आणि ती तारीख कुणाच्या घड्याळाची? माझ्या एका जुन्या नोकरीत रोजचा ऑर्डरचा आकडा नेहमी थोडा चुकायचा. आम्ही आठवडाभर जॉइनमध्ये दोष शोधत होतो. पार्टिशन यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे) पडत होतं आणि आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेतल्या ऑर्डरी आदल्या दिवसाच्या फोल्डरात जात होत्या. भारतातला 15 तारखेचा दिवस हवा असेल तर 14 आणि 15 अशी दोन्ही पार्टिशन घ्या आणि मग यूटीसी वेळेवर 14 च्या 18:30 पासून 15 च्या 18:30 च्या आधीपर्यंत अशी अट लावा. पार्टिशनची अट वाचन कमी करते आणि वेळेची अट उत्तर बरोबर ठेवते. दोन्ही लागतात.

99 टक्क्यांवर बसलेला रिड्यूसर

हाइव्हवर काम केलेल्या प्रत्येकाने हे दृश्य पाहिलेलं असतं: मॅप (फायली वाचण्याचा टप्पा) 100 टक्के, रिड्यूस (वाचलेलं गोळा करून हिशेब करण्याचा टप्पा) 99 टक्के, आणि घड्याळ पुढे सरकतंय. क्लस्टर (मशिनांचा ताफा) मोठा करा म्हणून मागणी जाते. मशिनं वाढवून काही होत नाही, कारण बाकीची आधीच काम संपवून रिकामी बसलेली असतात. एकाच्याच पानात सगळी पंगत वाढली गेली आहे.

याला स्क्यू म्हणतात. जॉइन करताना सारख्या किल्लीच्या सगळ्या ओळी एकाच मशिनवर आणाव्या लागतात. ग्राहक क्रमांकावर जॉइन आहे आणि लॉगिन न करता आलेल्या प्रत्येकाचा क्रमांक नल, शून्य किंवा 'अननोन' असा भरलाय, तर त्या कोट्यवधी ओळी एकाच्याच डोक्यावर पडतात. क्वेरी थांबवा आणि आधी ज्या किल्लीवर जॉइन आहे तिच्यावर ग्रुप बाय करून मोजणी उतरत्या क्रमाने लावा. पहिल्या वीस ओळींत गुन्हेगार सापडतो.

तो नल असेल तर उपाय सोपा. नलची जोडी कशाशीच जुळत नाही, मग लेफ्ट जॉइनमध्ये त्या ओळी उगाच मिरवत न्यायच्या कशाला? त्या वेगळ्या काढा, उरलेल्यांचा जॉइन करा आणि शेवटी युनियन ऑलने एकत्र आणा. गुन्हेगार खरीखुरी किल्ली असेल, एखादा प्रचंड मोठा ग्राहक, तर किल्लीला यादृच्छिक आकडा जोडून तिचे दहा-वीस तुकडे करायचे आणि समोरच्या टेबलच्या ओळीही तेवढ्या पटीत वाढवायच्या. यालाच सॉल्टिंग म्हणतात. स्पार्क 3.2 पासून अॅडॅप्टिव्ह एक्झिक्युशन (क्वेरी चालता चालता प्लॅन बदलणं) आपोआप सुरू असतं आणि जॉइनमधला बराचसा स्क्यू तेच फोडतं. तरीही आधी किल्ल्या मोजायची सवय सोडू नका.

दोनपैकी एक टेबल लहान असेल तर ही ओढाताणच नको. लहान टेबलची प्रत प्रत्येक मशिनला देऊन टाकायची, की झाला ब्रॉडकास्ट जॉइन. स्पार्क 10 एमबीपर्यंत हे स्वतःहून करतं. ट्रिनोला टेबलची आकडेवारी माहीत नसेल तर मोठं टेबल डावीकडे आणि लहान उजवीकडे लिहा. इम्पाला या आणखी एका इंजिनात कॉम्प्युट स्टॅट्स (टेबलची आकडेवारी गोळा करणारी आज्ञा) चालवल्याशिवाय प्लॅनवर विसंबू नका.

उत्तर येतं, पण चुकीचं

टक्केवारीच्या कॉलममध्ये सगळीकडे शून्य दिसतंय? क्वेरी हाइव्हवरून उचलून ट्रिनोवर चिकटवली असणार. पाच भागिले दोन हाइव्हमध्ये अडीच, ट्रिनोत दोन, कारण तिथे पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उत्तरही पूर्णांकच. एका बाजूला डबलमध्ये कास्ट करा. दुहेरी अवतरणचिन्हांचाही असाच घोळ आहे. हाइव्हला ती मजकुरासाठी चालतात, ट्रिनो त्यांच्यातल्या शब्दाला कॉलमचं नाव समजतं आणि 'असा कॉलम नाही' म्हणतं.

कॉलम नलने भरलाय, पण फाइल उघडली तर डेटा दिसतो. हाइव्ह डेटा भरताना प्रकार तपासत नाही, वाचताना तपासतं, आणि जमलं नाही तर मुकाट्याने नल देतं. पत्त्यात 'शिवाजीनगर, पुणे' असा स्वल्पविराम आला की साध्या सीएसव्हीचे पुढचे सगळे कॉलम एकेक घर सरकतात. ओपनसीएसव्ही सर्डे (फाइलीतल्या ओळी कॉलमांत फोडणारा हाइव्हचा भाग) लावलं की अवतरणचिन्हं नीट हाताळली जातात, मात्र हाइव्हमध्ये मग प्रत्येक कॉलम स्ट्रिंग होतो. कास्ट तुम्हीच करायचं.

टेबल रिकामं, फोल्डर भरलेलं? नवीन पार्टिशनची मेटास्टोरला खबरच नाही. हाइव्हमध्ये एमएससीके रिपेअर टेबल, इम्पालात ऑल्टर टेबलचं रिकव्हर पार्टिशन्स.

दर पाच मिनिटांनी एक फाइल

दिवसाला 288, वर्षाला लाखाच्या वर. एचडीएफएसचा (हडूपच्या फाइल साठवणीचा) ब्लॉक सर्वसाधारणपणे 128 एमबीचा, आणि त्यात 40 केबीच्या फायली. जागा त्या फार खात नाहीत, पण प्रत्येकीची नोंद नेमनोडच्या (सगळ्या फायलींची यादी सांभाळणाऱ्या मशिनच्या) मेमरीत राहते आणि क्वेरीचा वेळ वाचण्यापेक्षा फायली उघडण्यातच जातो. रात्री एकदा त्या एकत्र करणारं काम लावून द्या.

शिकायला क्लस्टर कशाला?

लॅपटॉपवर हडूप बसवण्यात तीन शनिवार-रविवार घालवू नका. न्यूयॉर्कच्या टॅक्सी आयोगाने यलो टॅक्सीच्या फेऱ्यांचा 2009 पासूनचा डेटा खुला ठेवलाय, महिन्याला एक पार्के फाइल. स्पार्क एकाच मशिनवर लोकल मोडमध्ये चालतं, तेवढं पुरे. जानेवारी 2023 च्या फाइलीत सुमारे 30 लाख फेऱ्या आहेत आणि वर सांगितलेल्यांपैकी बरेच आजार तिथे फुकट मिळतात: 2023 च्या फाइलीत 2008 च्या तारखा, प्रवासीसंख्येत नल, आणि पृथ्वीला दहा प्रदक्षिणा होतील एवढं अंतर धावलेली एक टॅक्सी. विभागांचं टेबल जेमतेम 265 ओळींचं आहे, ब्रॉडकास्ट जॉइन बघायला आयतं.

मग जानेवारी आणि फेब्रुवारी 2023 एकत्र वाचून बघा. स्पार्क बहुधा कॉलमचा प्रकार बदलता येत नाही म्हणून रडेल. जानेवारीत काही पूर्णांक 64 बिटांचे आहेत, फेब्रुवारीत 32 बिटांचे, आणि विमानतळ शुल्काच्या कॉलमचं पहिलं अक्षर लहानाचं मोठं झालंय. प्रत्येक महिना वेगळा वाचा, कास्ट करून एकसारखा करा, मग युनियन करा. आणि सुधारलेला डेटा नव्या फोल्डरात लिहा, मूळ फायलींवर टेबल करायचं असेल तर एक्स्टर्नल करा. मॅनेज्ड टेबलवर ड्रॉप मारलात तर नोंदीबरोबर फायलीही जातात.